‘व्हिज्युअल’ म्हणजे नक्की काय दिसतंय? डोंगराळ विमानतळांबाबत एक खुलं पत्र

देशाच्या नागरी विमान वाहतुकीच्या सुरक्षेची जबाबदारी ज्यांच्या खांद्यावर आहे त्या सर्व अधिकाऱ्यांस,

सप्रेम नमस्कार.

माझा भाचा हिमालयातल्या एका विमानतळावर हवाई वाहतूक नियंत्रक आहे. नोकरीला लागून त्याला जेमतेम दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात रात्री उशिरा त्याचा फोन आला. जेवलास का, थंडी किती आहे, असलं काही मी विचारायच्या आतच तो म्हणाला, “आत्या, पायलट ‘व्हिज्युअल’ म्हणाला की त्याला नक्की काय दिसत असतं गं?”

त्या दिवशी सकाळी ढग खाली उतरले होते. दरीत शिरलेल्या विमानाच्या वैमानिकाने ‘व्हिज्युअल’ एवढंच सांगितलं. याने परवानगी दिली आणि पुढची तीन मिनिटं काचेला नाक लावून उभा राहिला. हा बघत होता खिंडीकडे, आणि विमान ढगाखालून निघालं ते बरंच डावीकडून, कड्याच्या अगदी अंगाने. उतरलं सुखरूप. कुणी काही बोललं नाही. पण याला रात्री झोप येईना.

हे पत्र त्या फोनमुळे लिहिते आहे. हाच प्रश्न मला १९९८ साली पडला होता आणि त्याचं उत्तर मी तेव्हा लेखी मागितलं होतं. माझी नोकरी संपली, मी निवृत्त होऊन घरी बसले, आणि आता माझ्या भाच्याला तोच प्रश्न पडतो आहे. हे मला गप्प राहून सहन होत नाही.

मी जुन्नर तालुक्यातली. ७ जुलै १९६२ ला, मध्यरात्र उलटल्यावर, अलितालिया कंपनीचं डीसी-८ विमान आमच्या तालुक्यातल्या दावंड्याच्या डोंगरावर आदळलं. सिडनीहून रोमला निघालेलं ते विमान बँकॉकहून येऊन मुंबईला उतरणार होतं. आतली ९४ च्या ९४ माणसं गेली. मुंबई तिथून ऐंशी किलोमीटरहून जास्त लांब. चौकशीत निघालं ते असं, की वैमानिकाला आपण मुंबईच्या पुष्कळ जवळ आलो आहोत असं वाटत होतं, म्हणून त्याने वेळेआधीच उंची सोडली, ठरलेल्या किमान सुरक्षित उंचीच्याही खाली. या वाटेवरचा मुलूख त्याच्या ओळखीचा नव्हता, हेही चौकशीने नोंदवलं आहे. माझे वडील तेव्हा शाळेत मास्तर होते. शोधायला गेलेल्या माणसांबरोबर तेही त्या पावसात चिखल तुडवत वर चढले. वर काय पाहिलं ते त्यांनी आम्हा भावंडांना कधी सांगितलं नाही. एकच वाक्य मात्र ते शेवटपर्यंत म्हणत: “पावसाळ्यात तो डोंगर आम्हालाच दिसत नाही, त्या परक्या माणसाला कुठून दिसणार?” मी या नोकरीत शिरले त्याच्या मुळाशी ते वाक्य आहे. छत्तीस वर्षं मी हे काम केलं.

हे पत्र विमानात बसणाऱ्यांनीही वाचावं अशी माझी इच्छा आहे, म्हणून थोडं समजावून सांगते. ढगापावसात विमान यंत्रांच्या आधाराने, आखून दिलेल्या वाटेने धावपट्टीकडे येतं. त्या वाटेवर कुठे किती उंची राखायची हे आसपासचे डोंगर मोजून आधीच ठरवलेलं असतं. हवा मोकळी असली की वैमानिक म्हणू शकतो, मला बाहेरचं दिसतंय, मी डोळ्यांनी बघत येतो. याला आमच्याकडे ‘व्हिज्युअल ॲप्रोच’ म्हणतात. वाट लहान होते, इंधन वाचतं, मागच्या विमानाला लवकर जागा मिळते. यात वावगं काही नाही. पण नियंत्रकाने ‘क्लिअर्ड व्हिज्युअल ॲप्रोच’ म्हटलं की ती आखलेली, मोजलेली वाट सुटते. रडारवर दिशा देत असताना विमान डोंगरापासून लांब ठेवण्याची जबाबदारी नियंत्रकावर असते. या तीन शब्दांसरशी ती वैमानिकाकडे जाते.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ४४४४ क्रमांकाच्या दस्तऐवजात या ॲप्रोचची व्याख्या दिलेली आहे. भूप्रदेश डोळ्यांनी पाहत केलेला ॲप्रोच, असा तिचा अर्थ. परवानगी देतानाची अटसुद्धा तीच, की वैमानिकाला भूप्रदेश दिसत राहिला पाहिजे. नियम लिहिणाऱ्यांनी धावपट्टी असा शब्द घातला नाही, भूप्रदेश असा घातला, आणि तो विचार करूनच घातला असणार. रोजच्या कामात रेडिओच्या फ्रिक्वेन्सीवर आम्ही काय ऐकतो? ‘रनवे इन साइट’, म्हणजे धावपट्टी दिसतेय. ‘फील्ड इन साइट’, म्हणजे विमानतळ दिसतोय. नाहीतर नुसतंच ‘व्हिज्युअल.’ यात डोंगर कुठे आहे?

नागपूरला यामुळे काही बिघडत नाही. चहूकडे सपाट आहे, विमानतळ दिसला म्हणजे वाटेतलं सगळंच दिसलं. डोंगरात तसं नसतं. धावपट्टी उन्हात लखलखीत दिसते आणि तिच्या अलीकडची सोंड, म्हणजे डोंगराची पुढे आलेली धार, ढगात असते, हे आम्ही आठवड्यातून चार वेळा बघतो. लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ३,२५६ मीटरवर आहे. तिथे हवा इतकी विरळ, की वेगाच्या काट्यावर नेहमीचाच आकडा असला तरी विमान प्रत्यक्षात बरंच जास्त वेगाने चाललेलं असतं. वेग वाढला की वळणाचा घेर वर्गाच्या हिशेबाने वाढतो, वेग दुप्पट तर घेर चौपट. समुद्रसपाटीला जेवढ्या जागेत वळता येतं तिच्या सव्वापटीहून जास्त जागा तिथे लागते. दरीची रुंदी काही त्यासाठी वाढत नाही. चूक लक्षात आली तरी मागे फिरायला जागा उरेलच याची खात्री नसते, म्हणून ‘दिसतंय’ या शब्दाचा अर्थ तो उच्चारला जातो त्या घडीलाच टॉवरमध्ये आणि कॉकपिटमध्ये सारखा असावा लागतो.

आता १९९८ ची गोष्ट. विमानतळाचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्यातली निम्मी चूक माझी होती. डोंगरातला विमानतळ, ऑगस्टमधली दुपार. एक छोटं, दोन पंख्यांचं विमान येत होतं. वैमानिक म्हणाला, ‘व्हिज्युअल.’ काय दिसतंय, असं मी विचारलं नाही. माझ्यासमोर धावपट्टीवर ऊन पडलं होतं, दरीचं तोंड मोकळं दिसत होतं. त्याला धावपट्टी दिसते आहे असं मी धरून चालले आणि परवानगी दिली. चाळीसेक सेकंदांनी तो पुन्हा बोलला तेव्हा त्याच्या आवाजामागे विमानातल्या इशारा देणाऱ्या यंत्राचा आवाज येत होता: ‘टेरेन, टेरेन, पुल अप.’ म्हणजे समोर डोंगर आहे, विमान वर घ्या. तो वर निघून गेला आणि दुसऱ्या विमानतळावर जाऊन उतरला. माझे हात बराच वेळ टेबलावरून उचलत नव्हते.

पंधरा दिवसांनी तोच वैमानिक टॉवरमध्ये चहाला आला. भला माणूस होता. म्हणाला, “मॅडम, मला ढगाच्या फटीतून नदी दिसत होती. नदी धरून गेलं की धावपट्टी येते, हे मला पाठ होतं.” त्याच्या ‘व्हिज्युअल’मध्ये नदी होती, माझ्या ‘व्हिज्युअल’मध्ये धावपट्टी होती, आणि मधल्या सोंडेचं नाव दोघांनीही घेतलं नव्हतं. मी टेप पुन्हा ऐकली. एकेक शब्द नियमाला धरून होता. तपासायला कुणी बसलं असतं तर त्याला त्या संभाषणात बोट ठेवायला जागा सापडली नसती. मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली. मी दोन पानांचं टिपण लिहून वरच्या कार्यालयात पाठवलं. पोच मिळाली. उत्तर मिळालं नाही.

‘पाठ होतं’ हे त्याचे शब्द मला फार वर्षं छळत राहिले. १६ ऑगस्ट १९९१ ला इंडियन एअरलाइन्सचं कोलकात्याहून इंफाळला जाणारं बोइंग ७३७ थांगजिंगच्या डोंगरात कोसळलं आणि ६९ माणसं गेली. ते विमान यंत्रांच्या आधाराने उतरत होतं, डोळ्यांनी बघत नव्हे. पण आखून दिलेली पद्धत वैमानिकाने पाळली नाही, आणि त्यामागे प्रदेश ओळखीचा असल्याचा फाजील विश्वास होता, असं चौकशीने म्हटलं. जुन्नरला डोंगर अनोळखी होता, इंफाळला ओळखीचा होता. दोन्हीकडे माणसं तशीच गेली.

शब्दांमुळे माणसं मरतात हे कुणाला अतिशयोक्तीचं वाटत असेल तर त्यांनी २४ जानेवारी १९६६ ची सकाळ आठवावी. एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ मुंबईहून दिल्ली, बैरुत करत जिनिव्हाला उतरायच्या बेतात होतं. डॉ. होमी भाभा त्यात होते. सगळी मिळून ११७ माणसं. विमानातल्या दोन दिशादर्शक यंत्रांपैकी एक बिघडलेलं होतं आणि बैरुत सोडतानाच वैमानिकाला ते माहीत होतं. त्याला आणखी खाली येण्याची मुभा मिळाली होती ती एका अटीवर, की बाहेरचं स्वच्छ दिसत असलं पाहिजे आणि ढगांच्या माथ्यापासून हजार फूट वर राहिलं पाहिजे. वैमानिकाने आपल्या अंदाजाने सांगितलं की आपण आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखराच्या बाजूला पोचलो आहोत. रडारवर बसलेल्या नियंत्रकाला त्यातली चूक दिसली. हे नीट लक्षात घ्या, त्याला ती दिसली होती. तो म्हणाला, माँ ब्लाँपर्यंत तुम्हाला पाच मैल आहेत. त्याला म्हणायचं होतं, शिखर अजून पुढे आहे, सांभाळा. वैमानिकाचा समज झाला की शिखराकडे जाणारी धार मागे पडली. तो उतरत राहिला.

फ्रेंच चौकशीच्या निष्कर्षात याचं कारण सरळ लिहिलं आहे: पुरेशी नेमकी शब्दयोजना नसल्यामुळे नियंत्रकाने केलेली दुरुस्ती वैमानिकाने चुकीच्या अर्थाने घेतली. आपल्याकडे या अपघाताभोवती घातपाताच्या कहाण्या अजून रंगवल्या जातात. त्या निष्कर्षातलं हे वाक्य मात्र कुणाच्या तोंडी नसतं. भाभांच्या आठवणीने हळहळणाऱ्या या देशात प्रत्येक नियंत्रकाला प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी ते वाक्य वाचून दाखवलं जायला हवं होतं.

आता माझ्या तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली तक्रार त्या शब्दाचीच. ‘व्हिज्युअल’ हा शब्द एकटा, कशालाही न जोडता, फ्रिक्वेन्सीवर आजही चालतो. तो न चालण्याचं कारण शोधायला फार लांब जायला नको. २८ जुलै २०१० ला कराचीहून आलेलं एअरब्लू कंपनीचं एअरबस ए-३२१ इस्लामाबादला उतरताना मारगल्लाच्या डोंगरावर आदळलं, १५२ माणसं गेली. पाऊस, खाली आलेले ढग, आणि धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाने उतरायचं म्हणून डोळ्यांनी बघत घ्यायचा वळसा. विमान नेमून दिलेल्या हद्दीच्या बाहेर भरकटलेलं होतं. टॉवरने विचारलं, विमानतळ दिसतो आहे का. उत्तर आलं नाही. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात सहवैमानिक कॅप्टनला विचारताना ऐकू येतो, याला काय सांगू, सर. रडारवरच्या नियंत्रकाने आग्रह धरल्यावर टॉवरने पुन्हा विचारलं, पण या वेळी प्रश्न बदलला: जमीन दिसते आहे का. त्याला दोघाही वैमानिकांनी हो म्हटलं. जमीन दिसत असेलही. डोंगर हीसुद्धा जमीनच आहे. इथे नियंत्रकांनी विचारायचं काम केलं, एकदा नाही, दोनदा केलं. तरी त्यांच्या हाती आलेल्या होकारातून विमान कुठे आहे हे कळायला मार्ग नव्हता. दिसतंय का, या प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच उत्तर येतं. काय दिसतंय, असा प्रश्न ठरवून दिलेला असता तर गप्प बसणं किंवा हो म्हणणं इतकं सोपं गेलं नसतं.

दुसरी तक्रार विचारण्याच्या हिमतीची. भाच्याला मी म्हटलं, विचारत जा. तो म्हणाला, “विचारलं तर वैतागतात गं. वीस वर्षं उडवणारा कॅप्टन, मी दोन वर्षांचा.” हे मी स्वतः भोगलेलं आहे, आणि बाई असल्यामुळे जरा जास्तच भोगलेलं आहे. २० डिसेंबर १९९५ ला कोलंबियातल्या काली शहराजवळ अमेरिकन एअरलाइन्सचं बोइंग ७५७ डोंगरावर आदळलं, १५९ माणसं गेली. दरीत रडार नव्हतं. वैमानिक जे मागत होते ते नियंत्रकाला पटत नव्हतं, त्यांचं बोलणं आणि त्यांची जागा यांचा मेळ बसत नव्हता. पण ठरावीक वाक्यांपलीकडे जाऊन इंग्रजीत ते बोलून दाखवायची त्याची तयारी नव्हती. वैमानिक स्पॅनिश बोलणारे असते तर आपण त्यांना आणखी विचारलं असतं, असं त्याने नंतर सांगितलं. त्यानंतरच्या वर्षांत जगभर वैमानिक आणि नियंत्रकांना इंग्रजीची परीक्षा सक्तीची झाली, आपल्याकडेही झाली. ती परीक्षा भाषा तपासते. शंका आली तर समोरच्या मोठ्या माणसाला थांबवायचं कसं, याचा सराव आमच्याकडून कुणी करून घेतला नाही.

तिसरी तक्रार थोडक्यात टळलेल्या प्रसंगांची. भाच्याच्या त्या सकाळची नोंद कुठेही नाही. माझ्या टिपणाची पोच तेवढी आहे. १ डिसेंबर १९७४ ला अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूए कंपनीचं ५१४ क्रमांकाचं विमान माउंट वेदर नावाच्या डोंगरावर आदळून ९२ माणसं गेली. नियंत्रकाने ॲप्रोचची परवानगी दिली होती. वैमानिकांनी त्याचा अर्थ घेतला, आता १,८०० फुटांपर्यंत उतरायला हरकत नाही. नियंत्रकाला वाटत होतं, वाटेतल्या डोंगरांच्या उंचीचं ते बघतील. सहा आठवडे आधी युनायटेड कंपनीचं विमान याच परवानगीवर, याच जागी, असंच खाली उतरून थोडक्यात वाचलं होतं. त्या वैमानिकांनी ते आपल्या कंपनीत कळवलंही होतं. कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. दुसऱ्या कंपनीच्या माणसांपर्यंत ते पोचायला वाटच नव्हती. त्या ९२ मृत्यूंनंतर १९७६ साली नासाच्या देखरेखीखाली अशी व्यवस्था उभी राहिली, की कुणीही न घाबरता असा प्रसंग कळवावा, नाव गाळून तो सगळ्यांना वाचायला मिळावा. स्वेच्छेने कळवायची सोय आपल्याकडेही आहे. पण कळवलेल्या गोष्टीतून पुढच्या टॉवरमधला नियंत्रक काही शिकला, असं माझ्या छत्तीस वर्षांत मी पाहिलं नाही. लेह, श्रीनगरसारख्या ठिकाणी टॉवर हवाई दलाकडे आहे, म्हणजे तिथला अनुभव तर आणखी एका भिंतीपलीकडे राहतो.

चौथी. ज्या दरीत मी वर्षानुवर्षं विमानं उतरवली ती दरी कॉकपिटमधून मी एकदाच पाहिली, तीही एका वैमानिकाच्या मेहेरबानीने. त्या वीस मिनिटांत मला जे कळलं ते नकाशावर बोट फिरवून दहा वर्षांत कळलं नव्हतं. टॉवरमधून ठळक दिसणारी सोंड वरून मागच्या डोंगरात अशी मिसळून जाते, की आहे की नाही तेच कळत नाही.

पाचवी. ढग खाली असताना डोंगराळ टॉवरमध्ये माणूस एकटा असतो. फोन तोच घेतो, हवामान तोच लिहितो, आणि विमानाशी तोच बोलतो. नियंत्रकांची अपुरी संख्या आणि त्यांच्यावरचा ताण याबद्दल संसदेच्या स्थायी समितीचं २०२५ च्या ऑगस्टमध्ये बोलून झालं आहे, मी अधिक लिहीत नाही.

सहावी तक्रार आपल्या यात्रेकरूंसाठी. २९ मे २०२२ ला नेपाळमध्ये पोखऱ्याहून जोमसोमला निघालेलं तारा एअरचं छोटं विमान डोंगरावर आदळलं, २२ माणसं गेली, त्यांत ठाण्याची चार होती. त्या वाटेवरचं उड्डाण डोळ्यांनीच बघत करायचं असतं. विमान ढगात शिरलं, आणि डोंगर जवळ आल्याचा इशारा देणारं यंत्र तेव्हा दाबून ठेवलेलं होतं, असं नेपाळच्या चौकशीत निघालं. १५ जून २०२५ ला केदारनाथहून निघालेलं हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ पडलं, सात जण गेले, त्यांत आपल्या यवतमाळ जिल्ह्यातली माणसं होती. नेपाळच्या टॉवरवर तुमचा हुकूम चालत नाही हे मला कळतं. केदारखोऱ्यावर चालतो. तिथे एकामागून एक उडणाऱ्या हेलिकॉप्टरांची अख्खी मदार ‘दिसतंय’ या शब्दावर आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत. नवीन यंत्रं मी मागत नाही. डोंगराआड रडारचे किरण पोचत नाहीत हे मी जाणते.

प्रत्येक डोंगराळ विमानतळासाठी वाटेतल्या तीन किंवा चार खुणा ठरवा: अमुक सोंड, अमुक खिंड, नदीचं अमुक वळण. त्या नकाशावर छापा, वैमानिकाच्याही आणि नियंत्रकाच्याही. एकटा ‘व्हिज्युअल’ शब्द तिथे बंद करा. वैमानिकाने धावपट्टी आणि ठरलेली खूण दोन्ही दिसत असल्याचं नाव घेऊन सांगावं, त्याशिवाय व्हिज्युअल ॲप्रोचची परवानगी मिळू नये. ती खूण दिसेपर्यंत कोणत्या उंचीखाली जायचं नाही तो आकडा परवानगीच्या वाक्यातच असावा आणि वैमानिकाने तो पुन्हा म्हणून दाखवावा. नुसतं ‘रॉजर’, म्हणजे ‘ऐकलं’, एवढं चालू नये.

काय दिसतंय, असं विचारणं हे नियंत्रकाचं कर्तव्य आहे असं लेखी परिपत्रक काढा, आणि त्याची प्रत प्रत्येक विमान कंपनीला द्या. उत्तर मिळालं नाही किंवा पटलं नाही तर परवानगी मागे घेऊन विमानाला वर पाठवायचा अधिकार नियंत्रकाला आहे, आणि त्याबद्दल त्याला नंतर कुणी जाब विचारणार नाही, हेही त्यातच लिहा. परत वर गेलेल्या वैमानिकालाही त्याच्या कंपनीने इंधनाचा हिशेब विचारू नये.

डोंगराळ विमानतळावर नेमणूक झालेल्या प्रत्येक नियंत्रकाला रुजू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती दरी कॉकपिटमधून दाखवा. वैमानिकांना एक दिवस टॉवरमध्ये बसवा. चहा आम्ही पाजू.

दर महिन्याला प्रत्येक डोंगराळ टॉवरमधल्या काही संभाषणांच्या टेप ऐका, अपघात झाला नसताना ऐका. नावं आणि कंपन्या गाळून त्यातलं शिकण्यासारखं सगळ्या टॉवरना आणि सगळ्या वैमानिकांना पाठवा, हवाई दलाच्या टॉवरनाही. ढग ठरावीक उंचीखाली आले की टॉवरमध्ये दुसरा माणूस बसलाच पाहिजे असा नियम करा. केदारखोऱ्यातल्या हेलिकॉप्टरांनाही खुणांची हीच पद्धत लावा.

यातलं काय करता येईल आणि काय नाही, हे नव्वद दिवसांत जाहीरपणे सांगावं अशी विनंती आहे. नाही म्हणायचं असेल तर कारणासकट नाही म्हणा. खुणा ठरवायला माणूस हवा असेल तर मी येईन. माझ्या गुडघ्यांना टॉवरचे जिने अजून चढवतात.

१९९८ च्या टिपणाची प्रत आणि त्याची पोच सोबत जोडली आहे.

आपली,
एक निवृत्त हवाई वाहतूक नियंत्रक,
तालुका जुन्नर, जिल्हा पुणे